डेस्कटॉपवर काही आहे का?

डहाणू रोड स्टेशनबाहेरचे दुकान असो की तलासरी नाक्यावरचे, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस मशीनला फॉरमॅट मारण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न हमखास विचारतो: डेस्कटॉपवर काही आहे का? या चार शब्दांत महाराष्ट्राचे पाव शतकाचे संगणकीय शहाणपण मावलेले आहे. २००१ साली एमएस-सीआयटी आला. त्या वर्गांत, आणि त्याहून जास्त दुकानांतल्या बाकड्यांवर, एक पिढी शिकली की सी ड्राइव्ह उडतो आणि डी राहतो. कामाचे ते डीमध्ये ठेवायचे. डेस्कटॉप दिसतो समोर, पण बसलेला असतो सीमध्ये, म्हणून तिथले आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचे. हे कुठल्या पुस्तकात छापलेले असो वा नसो, लोकांना आपली फाइल कुठे आहे हे ठाऊक होते.

आज त्या प्रश्नाला धड उत्तर नाही. विंडोज ११ चे नवे मशीन मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर चालू केले की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डरे वनड्राइव्हच्या पोटात जाऊन बसू शकतात. पडद्यावर काहीच बदललेले दिसत नाही. चिन्हे तीच, नावे तीच. बदलतो तो पत्ता: फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकते आणि तिथून त्याची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर जाते. जून २०२४ मध्ये तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्या वृत्तस्थळांनी दाखवून दिले की नवी विंडोज बसवताना हा बॅकअप वेगळी परवानगी न विचारताच चालू होतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुढचे पाऊल जाहीर केले: वर्डमध्ये उघडलेला नवा कागद, कुणी सेव्ह करण्याआधीच, मूळ सेटिंगनुसार क्लाउडमध्ये साठवला जाईल.

(नावातला 'वन' इंग्रजी आहे, हे डहाणूत सांगावे लागते. तिथे 'वन' म्हटले की आधी वनखाते आठवते आणि मग वनहक्काचा प्रलंबित दावा.)

या बदलाच्या बाजूने जे बोलले जाते ते उडवून लावण्यासारखे नाही. सामान्य माणूस बॅकअप घेत नाही. हार्ड डिस्क कधी बसेल सांगता येत नाही, किनाऱ्यावरची खारी दमट हवा यंत्रांना मानवत नाही. आग लागते: २१ जून २०१२ रोजी मंत्रालय पेटले तेव्हा राज्य सरकारच्या फायलींची राख झाली आणि कागदाची दुसरी प्रत म्हणजे काय चीज असते ते सगळ्या राज्याला कळले. डहाणू-तलासरीकरांना तर आगीचाही दाखला नको. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी आणि आसपासच्या गावांना भूकंपाच्या धक्क्यांनी हलवले, लोक थंडीत तंबूंत झोपले. घर पडेल या भीतीने बाहेर धावणाऱ्याला पत्र्याची पेटी उचलायला वेळ मिळत नाही. अशा गावात दाखल्याची एक प्रत दूरच्या, मजबूत इमारतीत असावी हे कोण नाकारील? म्हणून कंपनीचे वकील, आणि तिचे फुकटचे वकील त्याहून जास्त, म्हणतात की यंत्रणेनेच आपणहून हे काम केले तर बिघडले कुठे? नको असेल त्याने बंद करावे. तक्रार करणारे जुन्या वळणाचे हौशी तंत्रज्ञ, बाकीच्यांना आपली फाइल कुठे आहे याच्याशी घेणे-देणे नाही.

यातले पहिले अर्धे खरे आहे. दुसरे अर्धे तलासरीत दोन मिनिटे टिकत नाही.

आधी बॅकअप या शब्दाचे पाहू, कारण सगळी वकिली त्या एका शब्दावर उभी आहे. वनड्राइव्ह करते ते मुळात सिंक. इथे केलेला बदल तिथे होतो, तिथले पुसले की इथलेही पुसले जाते. वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये ३० दिवस राहते. सगळा साठा मागच्या एखाद्या तारखेवर नेण्याची सोय पैसे भरणाऱ्या वर्गणीदारांना आहे. म्हणजे चुकीची फाइल पुसली गेली आणि सव्वा महिन्याने लक्षात आले, तर 'बॅकअप'ने चूकच इमानदारीने जपून ठेवलेली असते. बॅकअप म्हणजे मूळ बिघडले तरी न बिघडणारी प्रत. ती मुळाच्या शेपटीला बांधलेली असून चालत नाही.

याचा मोठा दाखला डहाणूच्या ओळखीच्याच बंदरातला आहे. वाढवणचे बंदर बांधणाऱ्या कंपनीत ७४ टक्के वाटा ज्या जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा आहे, त्याच न्हावाशेव्याच्या एका टर्मिनलचे काम २७ जून २०१७ रोजी ठप्प झाले. टर्मिनल मर्स्क समूहाचे होते आणि नॉटपेट्या नावाचा व्हायरस त्या समूहाच्या जगभरातल्या संगणकांत शिरला होता. मर्स्कचे जे मुख्य सर्व्हर सगळ्या जाळ्याची नोंद ठेवत, ते एकमेकांशी सतत सिंक होत. त्यामुळे एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. गेले ते सगळे एकदम. एक तेवढा वाचला, घानामधला. का? तर तिथे वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एकीचा कारभार एका लोडशेडिंगमुळे उभा राहिला! तुटून पडलेली प्रत म्हणजे मागासलेपणा, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

दुसरा दाखला खुद्द वनड्राइव्हचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चे १८०९ क्रमांकाचे अपडेट आले आणि काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरातल्या फायली नाहीशा झाल्या. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टला ते अपडेट थांबवावे लागले. कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशात एक कारण असे होते: वनड्राइव्हच्या आधीच्या एका आवृत्तीने डॉक्युमेंट्सचा पत्ता क्लाउडच्या फोल्डरकडे वळवला, पण जुन्या जागी असलेल्या फायली तिकडे नेल्याच नाहीत. नवे अपडेट आले, त्याला ते जुने फोल्डर अडगळ वाटले, त्याने झाडून काढले. कंपनीचे म्हणणे होते की नुकसानीच्या तक्रारी हे अपडेट घेणाऱ्यांच्या एक टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढ्याच होत्या. असतील. पण ज्याचे गेले त्याचे शंभर टक्के गेले, आणि गेले ते त्याने काही वेडेवाकडे केले म्हणून नव्हे. एका फोल्डरला दोन पत्ते झाले, आणि कुठला खरा हे खुद्द यंत्रणाही विसरली.

आता ते लाडके वाक्य: नको असेल तर बंद करा.

बंद केल्यावर काय होते? बरीच वर्षे असे होत असे की फायली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहत, डेस्कटॉप रिकामा दिसे, आणि त्या रिकाम्या पडद्यावर 'माझ्या फायली कुठे आहेत' अशा अर्थाच्या नावाचा एक शॉर्टकट उगवे. ज्या प्रोग्रॅमला हे नाव स्वतःच ठेवावे लागते, त्याच्या रचनेबद्दल आणखी टीका करण्याची गरज नाही. घाबरलेला माणूस मग एक तर बॅकअप पुन्हा चालू करतो, नाही तर दुकानात जातो. पहिले घडले तर आकडेवारीत एक समाधानी वापरकर्ता वाढतो.

पण मुख्य मुद्दा त्या बटणाचा नाही, बटण दाबणाऱ्याचा आहे. 'बंद करा' हे सांगणे एका विशिष्ट माणसाला उद्देशून आहे: स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचे खाते, स्वतःच्या फायली, चोवीस तास नेट आणि इंग्रजी वाचायची सवय असलेला. तलासरी तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत दीड लाखावर होती आणि त्यातले नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक अनुसूचित जमातीचे. इथल्या बहुतेक कुटुंबांचा कॉम्प्युटरशी संबंध येतो तो काउंटरच्या पलीकडून. आपले सरकार सेवा केंद्र, सेतू, झेरॉक्सचे दुकान, सायबर कॅफे. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, बँकेचे पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, आश्रमशाळेतल्या प्रवेशाचे कागद. जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातला उतारा. वनहक्काच्या दाव्यात पंचनामा, मोजणीचा नकाशा, गावातल्या वृद्धांचे जबाब. हे सगळे स्कॅन होऊन पडते कुठे? डेस्कटॉपवर. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर २', 'आधार नवीन', 'आधार नवीन फायनल'. गर्दीत काम करणाऱ्या माणसाला हाताशी असलेली जागा तीच.

समजा असे एक केंद्र आहे. मशीन ज्याच्याकडून घेतले त्याने ते चालू करून दिले. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. त्याने घाईत स्वतःचे घातले, किंवा केंद्रचालकाच्या भाच्याचे. तो भाचा आता उंबरगावच्या कारखान्यात लागला. खाते त्याचेच आहे, त्याच्या फोनवरही चालू आहे. उधव्याची एक बाई मुलीच्या वसतिगृहासाठी कागद घेऊन येते, स्कॅन करते, पैसे देते, जाते. तिच्या घरातल्या चौघांचे आधार त्या संध्याकाळी तिसऱ्याच तरुणाच्या खात्यात पोहोचलेले असतात. यात त्या भाच्याचा दोष नाही, केंद्रचालकाचा फारसा नाही, बाईचा तर अजिबातच नाही. संमती दिली असेल तर ती मशीन विकणाऱ्याने. कागद बाईचे. आणि पर्याय निवडल्याचे श्रेय कंपनी ज्याला देते तो 'वापरकर्ता' या चौघांपैकी नेमका कोण?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या सहाव्या कलमात संमती कशी असावी हे लिहिले आहे: मोकळी, नेमक्या कामापुरती, माहिती असलेली, बिनशर्त, निःसंदिग्ध, आणि स्पष्ट होकारार्थी कृतीतून दिलेली. संमती मागताना दिली जाणारी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याची सोय असावी असेही कायदा म्हणतो. त्या यादीत मराठी आहे, वारली नाही, तो वाद वेगळा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. पण कायद्याची भावना समजायला मुदत लागत नाही. आधीच चालू असलेले बटण बंद न करणे ही होकारार्थी कृती होऊ शकत नाही. गप्प बसणे म्हणजे होकार, हा न्याय लग्नाच्या बोलणीतही आता कुणी मानत नाही.

या भागाला कागदाची जागा विचारण्याची सवय वेगळ्या शाळेत लागली आहे. मे १९४५ मध्ये झरी गावात हजारो वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. त्याआधीच्या काळाची या पट्ट्यात सांगितली जाणारी आठवण म्हणजे कोऱ्या कागदावर उठवलेला अंगठा आणि सावकाराच्या पेटीत राहिलेला कागद. सॉफ्टवेअर कंपनीला सावकार ठरवण्याचा इथे इरादा नाही, तुलना तेवढी ताणली तर तुटेल, आणि त्या लढ्याचाही अपमान होईल. मात्र 'आपला कागद कुठे आहे याच्याशी सामान्य माणसाला घेणे-देणे नाही' हे वाक्य ज्याला उच्चारायचे असेल त्याने ते झरीत उच्चारून पाहावे.

जागेचा प्रश्न निघालाच आहे तर डिस्कचाही घेऊ. ऑक्टोबर २०१७ पासून विंडोजमध्ये अशी सोय आली की फाइल दिसते मशीनवर, पण असते फक्त क्लाउडमध्ये. उघडली की उतरते. पडद्यावर नावाशेजारी छोटा निळा ढग. जागा वाचते, कबूल. पण डहाणूच्या पूर्व पट्ट्यात, कासा ओलांडून पुढे गेल्यावर, पावसाळ्यात वीज आणि रेंज एकमेकींशी स्पर्धा करत जातात. ज्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख त्या दिवशी समोर दिसणारी फाइल उघडत नाही. दुकानदार फॉरमॅट मारायला बसला आणि नेट नसेल, तर तो डेस्कटॉप पेनड्राइव्हवर उतरवूही शकत नाही. तिथे फायली नाहीतच, फायलींची नावे आहेत.

आणि हे फुकटही नाही. मोफत वाटा ५ जीबी. एकेकाळी तो १५ होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने तो कमी करत असल्याचे जाहीर केले आणि बोंबाबोंब झाल्यावर जुन्या ग्राहकांना, मागितल्यास, जुना वाटा ठेवू दिला. एक स्कॅन साधारण १ एमबी धरला आणि केंद्रात दिवसाला तीस कागद स्कॅन होत असले, तर कामाच्या सात महिन्यांत ५ जीबी भरतात. मग पैसे मागणाऱ्या सूचना सुरू होतात. फेब्रुवारी २०२३ पासून आउटलुकच्या मोफत ईमेलमधल्या जोडपत्रांचे वजनही याच वाट्यात धरले जाते आणि वाटा भरला की त्या खात्यावर मेल येणे-जाणे थांबते. म्हणजे डेस्कटॉपवर दुसऱ्यांचे दाखले साठले म्हणून भाच्याचे नोकरीचे पत्र अडकणार. फोनवर गूगलची गोष्ट वेगळी नाही: फोटोंचा अमर्याद मोफत साठा १ जून २०२१ ला संपला, तोवर सवय लागून गेली होती. ॲपलने २०१६ पासून मॅकवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आयक्लाउडमध्ये नेण्याची सोय दिली, तिचा मोफत वाटाही ५ जीबीच. पण तलासरीत मॅक शोधावा लागेल.

यावर कुणी म्हणेल, मग डिजिलॉकर तरी काय आहे? सरकारी क्लाउडच ना? आहे. आणि डिजिटल सहीचा सातबारा, जो महाराष्ट्रात २०१८ पासून मिळू लागला, तोही कुठल्या तरी सर्व्हरवरच असतो. फरक असा की सातबारा ठेवणे हे महसूल खात्याचे कामच आहे, तो तिथे आहे हे खातेदाराला माहीत असते आणि उतारा मागायला तोच जातो. डिजिलॉकरमध्ये माणूस स्वतः खाते काढतो, स्वतःच्या मोबाइलवर आलेला आकडा घालतो, दाखला आणतो. तलाठी रात्री येऊन घरच्या पेटीतले कागद उचलून चावडीत ठेवत नाही, आणि सकाळी 'तुमच्याच भल्यासाठी' म्हणत नाही. क्लाउडला विरोध करणे आणि न विचारता केलेल्या स्थलांतराला विरोध करणे या दोन गोष्टी आहेत. त्यांची गल्लत टीकाकार करत नाहीत, वकील करतात.

शिवाय चावी कुणाकडे हा प्रश्न उरतोच. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. कंपनी भारतात नोंदलेली, मुख्यालय मुंबईत, तेलशुद्धीकरण गुजरातेत वाडीनारला. भारत सरकारने तिच्यावर कुठलीही बंदी घातली नव्हती. तरी मायक्रोसॉफ्टने तिची सेवा तोडली. कर्मचाऱ्यांचे ईमेल आणि स्वतःचाच डेटा पैसे भरूनही हाती येईना. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांतच सेवा परत सुरू झाली. इतक्या मोठ्या उद्योगाला स्वतःच्या फायलींसाठी न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. झाईच्या एखाद्या सायबर कॅफेचे खाते उद्या संशयावरून बंद झाले तर त्याच्यासमोर वकील नसेल, एक फॉर्म असेल, आणि तो भरायला त्याच बंद खात्यात शिरावे लागेल.

कंपनीला दुसरे वागता येत नाही असेही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची अपडेटे हवी असतील तर तीन वाटा ठेवल्या: ३० डॉलर भरा, कंपनीचे १००० बक्षीस-गुण खर्च करा, किंवा विंडोज बॅकअप चालू करून मशीनच्या सेटिंगा कंपनीच्या खात्यात पाठवा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी हरकत घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरती ती बॅकअपची अट निघाली. तिथे खात्याने अधूनमधून लॉगिन केले की पुरते. ब्रुसेल्समधल्या मशीनला जे बॅकअपच्या अटीशिवाय सुरक्षित ठेवता येते ते वाणगावच्या मशीनला का नाही, याला कुठलेही तांत्रिक कारण नाही. तिकडे कुणीतरी विचारले, एवढेच.

इथे विचारायचे कुणी? सेवा केंद्रे राज्य सरकारच्या परवानगीने चालतात, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखालच्या सेवा देतात, केंद्राच्या भिंतीवर दरपत्रक लावण्याची सक्ती आहे. त्याच करारात आणखी दोन ओळी मावतील: नागरिकांच्या कागदांसाठी वापरल्या जाणाऱ्या मशीनवर वैयक्तिक क्लाउड खाते जोडलेले नसावे, आणि स्कॅन केलेले कागद काम झाल्यावर पुसावेत. आश्रमशाळा आणि पंचायतींसाठी संगणकांची निविदा निघते तेव्हा मशीन कुठल्या स्थितीत चालू करून द्यायचे हे तिच्यात लिहिता येते. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात ज्या मुलींचे वसतिगृहाचे अर्ज जातात, त्यांच्या आधारच्या प्रती आजही कुठल्या कुठल्या डेस्कटॉपवर पडून असतील. हे होईपर्यंत नाक्यावरच्या दुकानदाराने आपल्या जुन्या प्रश्नाला एक जोड दिली तर बरे: डेस्कटॉपवर काही आहे का, आणि हे खाते कुणाचे?